वाघाचा पट्टा, धावणाऱ्याचं घड्याळ

बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्या पायपिटीची बातमी जगभर छापून आली, ती माणसाची नव्हती. फेब्रुवारी २०१९मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण नर वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली गेली. पावसाळ्याच्या तोंडाशी त्यानं टिपेश्वर सोडलं. कपाशीची रानं, नाल्याकाठची झुडपं, रस्ते आणि गावशिवारं ओलांडत, महाराष्ट्र आणि तेलंगणातले जिल्हे पालथे घालत डिसेंबरात तो बुलडाण्याजवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. तोवर त्याचं सुमारे १,३०० किलोमीटर चालून झालं होतं. कॉलर एप्रिल २०२०मध्ये उतरवली गेली, तेव्हा एकूण हिशेब ३,०००च्या वर गेलेला होता. बीबीसीनंही त्याची दखल घेतली आणि वाघाला नाव मिळालं ‘वॉकर’.

वऱ्हाडात एरवी वाघ दिसला की जिल्हा पानावर चार ओळी येतात: अमक्याच्या शेतात पाऊलखुणा, शेतकऱ्यांत भीतीचं वातावरण, वनविभागाचं सावधगिरीचं आवाहन. दुसऱ्या दिवशी बातमी शिळी. वॉकरचा ठावठिकाणा मात्र तासातासाला उपग्रहामार्फत नोंदला जात होता. ठिपक्यांची रेषा झाली आणि रेषेची गोष्ट झाली. वाघ असे पूर्वीही चालतच असणार. हिशेब ठेवायला कुणी नव्हतं, इतकंच.

तसाच पट्टा आता माणसांच्या मनगटावर आलाय. पहाटे साडेचारला उठून सायकलवर टांग मारणारा दंतवैद्य, शाळेची घंटा होण्याआधी बारा किलोमीटर धावून येणारा शिक्षक, पतसंस्थेतला अधिकारी, औषधाच्या दुकानाचा मालक. हौशी ट्रायथलीट नावाचा प्राणी तालुक्याच्या गावी सापडतो तो अशाच कुठल्या तरी रूपात. नोकरीधंदा, मुलांच्या परीक्षा आणि लग्नाच्या दाट तिथी सांभाळून तो आठवड्याचे आठ-दहा तास पोहण्या-पळण्यासाठी काढतो. घरी आल्यावर पाण्याच्या आधी तो घड्याळाकडे बघतो.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, एका दमात, मध्ये विश्रांती नाही. कपडे बदलायला लागणारा वेळही मोजला जातो. ऑलिंपिकमधलं अंतर दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं. २००० साली सिडनीत ते पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं. हौशी मंडळींचा जीव मात्र अडकलेला असतो ‘आयर्नमॅन’मध्ये: ३.८ किलोमीटर पाण्यात, १८० सायकलवर आणि वर ४२.२ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन, हे सगळं साधारण १७ तासांच्या आत. त्याच्या निम्म्याला ‘७०.३’ म्हणतात. आपल्याकडचा बहुतेक मामला या निम्म्याचाच, कारण २० ऑक्टोबर २०१९ला भारतातली पहिली आयर्नमॅन ७०.३ गोव्यात झाली आणि ‘त्यासाठी परदेशी जावं लागतं’ ही सबब संपली.

आयर्नमॅनचा जन्मच मुळी एका साप्ताहिकाच्या आधारानं झालेला आहे. १९७७ साली हवाई बेटांवर एका रिले शर्यतीच्या बक्षीस समारंभात वाद रंगला: जास्त तंदुरुस्त कोण, पोहणारे की पळणारे? जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्यानं त्यात सायकलवाल्यांची बाजू मांडली. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’मध्ये बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याच्या प्राणवायू घेण्याच्या क्षमतेबद्दल त्यांनी वाचलं होतं. मग बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकापुढे एक जोडायच्या आणि जो आधी संपवेल त्याला लोहपुरुष म्हणायचं, असं ठरलं. १८ फेब्रुवारी १९७८ला १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या सोबत्यांकडचं पाणी मध्येच संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. आजच्या इलेक्ट्रोलाइटच्या गोळ्या तोलूनमापून घेणाऱ्यांनी ही हकीगत अधूनमधून आठवावी.

पुढच्या वर्षी त्याच साप्ताहिकात या वेडाचाराबद्दल मोठा लेख आला आणि १९८०मध्ये स्पर्धकांचा आकडा शंभराच्या पुढे गेला. मग टीव्ही आला. फेब्रुवारी १९८२मध्ये ज्युली मॉस नावाची महाविद्यालयीन तरुणी शर्यतीत आघाडीवर असताना अंतिम रेषेच्या अगदी जवळ कोसळली. उठली, पुन्हा पडली. कॅथलीन मॅकार्टनी तिला ओलांडून पुढे गेली आणि जिंकली. ज्युली हातापायांवर रांगत २९ सेकंदांनी रेषेपाशी पोहोचली. एबीसी वाहिनीनं ते दाखवलं आणि अमेरिकेतल्या घराघरांतून लोकांनी ते पाहिलं. जिंकलेल्या मुलीपेक्षा रांगणारी मुलगी लोकांच्या लक्षात राहिली. शरीराची शर्यत पाहणारे लोक खरं म्हणजे गोष्ट पाहत असतात, हे वाहिनीवाल्यांना त्या दिवशी कळलं असावं.

आपल्याकडे या खेळाची गोष्ट फार उशिरा आली. मराठी माणसाला खेळ कानानं ऐकायची सवय लावली बाळ ज. पंडितांच्या क्रिकेट समालोचनानं आणि डोळ्यांनी वाचायची सवय लावली ‘षटकार’सारख्या पाक्षिकांनी. पण दोन्हीकडे राज्य क्रिकेटचं. दहा-अकरा तास एकटाच घामाघूम होणारा माणूस समालोचनाला सोयीचा नाही. षटक संपत नाही की गडी बाद होत नाही. त्यामुळे २०१५मध्ये मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली, तेव्हा अनेक मराठी घरांत हा शब्द पहिल्यांदा पोहोचला. सोमण मूळचे राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू, हे तेव्हा पुष्कळांना नव्यानं कळलं. पुण्याचे कौस्तुभ राडकर त्याच्या कितीतरी आधीपासून आयर्नमॅन करत होते आणि इतरांना घडवत होते. पण ते जाहिरातीतल्या चेहऱ्याचे नव्हते. त्याच २०१५मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत दोघांच्या संघानं ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. २०१७मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्यानं बारा दिवसांच्या आत संपवली आणि पुढच्याच वर्षी सायबेरिया आडवा करणारी ९,१०० किलोमीटरची शर्यतही. पोलीस महानिरीक्षक असताना कृष्ण प्रकाश यांनी २०१७मध्ये फ्रान्समध्ये आयर्नमॅन केली. डॉक्टर, पोलीस, अभियंते अशीच ही माणसं. यांतल्या कुणीही खेळावर पोट भरणारा म्हणून सुरुवात केलेली नाही.

नागपूर, नाशिक, पुण्याची ही नावं ऐकून बुलडाण्यातला माणूस सराव करायला निघतो, तेव्हा त्याच्यासमोर जो भूगोल उभा राहतो तो या खेळासाठी चांगला आहे आणि वाईटही.

आधी पाणी. जिल्ह्यातलं सर्वांत प्रसिद्ध पाणी लोणारचं. उल्कापातानं बेसॉल्टमध्ये पडलेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, त्याच्या तळाशी सरोवर. जून २०२०मध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा देशभरच्या वाहिन्यांनी दाखवलं. क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत पुढे आलं. त्याच वर्षी ते रामसर यादीत गेलं. धावणाऱ्याला विवराच्या काठाचा जवळपास पावणेसहा किलोमीटरचा परीघ भुरळ घालतो. पोहणाऱ्याला मात्र तिथं काही काम नाही. ते पाणी खारं आणि अल्कधर्मी, वर अभयारण्याच्या हद्दीतलं.

उरली धरणं आणि विहिरी. वऱ्हाडातल्या मागच्या पिढ्या पोहायला शिकल्या त्या विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा बंद डबा बांधायचा, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या काकाच्या हातात, आणि मागून एक धक्का. चार दिवसांत पोरगं तरंगायचं, आठवड्यात वरून उडी मारायचं. या शाळेतून निघालेल्या माणसाला पाण्याची भीती नसते, पण सलग पोहणं त्याला ठाऊक नसतं. विहिरीला खोली असते, लांबी नसते. दहा हातांवर समोरचा काठ येतो. अशा माणसाला समुद्रात १.९ किलोमीटर सरळ रेषेत, डोकं पाण्यात घालून, श्वास मोजत जायचं म्हटलं की सगळं नव्यानं शिकावं लागतं. तिशी-पस्तिशीत, पोटावर थोडी चरबी आल्यावर, आपल्या मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर तरणतलावात पाय मारत राहणं हे या खेळातलं पहिलं खरं धैर्य. सायकल विकत मिळते; पाण्यातला श्वास मिळत नाही.

येळगाव धरणाचं पाणी बुलडाणेकर पितात; त्यात पोहायची परवानगी मागणंही बरं दिसत नाही. नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा ही पाणीसाठ्यांची नावं नकाशावर मोठी दिसतात, पण तिथं जीवरक्षक नाही, होडी नाही, दोर नाही. तळाला गाळ, बुडालेली झाडं, कुठं मासेमारीची जाळी. शेततळं त्याहून फसवं. प्लॅस्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही आणि पट्टीचा पोहणाराही बाहेर येता येता घसरून दमतो. म्हणून जाणते लोक एक नियम सांगतात, एकट्यानं पोहायचं नाही. आणि दुसरा, कमरेला रंगीत फुगा बांधल्याशिवाय उघड्या पाण्यात जायचं नाही. भोपळा गेला, फुगा आला. काठावरचा काका मात्र अजूनही लागतो.

रस्त्याच्या बाबतीत जिल्हा श्रीमंत आहे. बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेत. मलकापूर खाली पूर्णेच्या खोऱ्यात. मधला राजूर घाट उतरून मलकापूरला पोहोचलं की माणूस जवळपास चारशे मीटर खाली आलेला असतो. बुलडाणा-मलकापूर जाऊन-येऊन साधारण नव्वद किलोमीटर होतात, म्हणजे ७०.३मधल्या सायकलच्या टप्प्याएवढे. खोड एवढीच की उतार आधी येतो आणि चढ शेवटी, पायांत गोळे आल्यावर, ऊन डोक्यावर आल्यावर. पूर्णेच्या खोऱ्यातला उन्हाळा ज्यानं अनुभवलाय त्याला अधिक सांगायला नको. पाण्याच्या दोन बाटल्या नांदुऱ्याकडच्या फाट्यापर्यंतही पुरत नाहीत. मग टपरीवरचं लिंबू-मीठ-साखर पाणी आणि ताक यांच्यावर गाडी चालते. परदेशी कंपनीच्या शक्तिवर्धक जेलची एक पुडी ज्या किमतीला येते, त्यात इथं अख्ख्या गटाचा चहा होतो. शेगावकडे फेरी असेल तर कचोरी टाळणं कुणाला जमत नाही. तळलेलं खाऊन सायकल चालवू नये, हे सगळ्यांना पाठ असतं, आणि कचोरीही सगळ्यांनी खाल्लेली असते.

समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. सायकलला तिथं बंदी आहे आणि ती योग्यच आहे. जुन्या राष्ट्रीय महामार्गावर ट्रक. राज्य रस्त्यांवर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या, सोयाबीनच्या हंगामात कडेला वाळत घातलेलं पीक, आणि बाराही महिने कुत्री. सायकलवाल्याच्या पिंडरीची कुत्र्यांना काय चीड असते, याचा उलगडा अजून कुणी केलेला नाही.

धावायला रान मोकळं. मात्र ज्ञानगंगेच्या २०५ चौरस किलोमीटरच्या परिसरात अस्वलं आहेत, बिबटे आहेत, आणि अस्वल हे अंधारात सामोरं येऊ नये असं जनावर आहे. घाटाच्या बाजूला जाणारे म्हणून उजाडल्याशिवाय निघत नाहीत. सराव कुणाच्या हद्दीत चाललाय, याचं भान बुलडाण्यातल्या धावणाऱ्याला पुण्यातल्यापेक्षा जास्त असावं लागतं.

वेळापत्रकाची गंमत आणखी वेगळी. गोव्याची शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. म्हणजे सरावाचा कळस श्रावण, गणपती आणि नवरात्रात. सोमवारचा उपास आणि मंगळवारचं लांब धावणं यांचा मेळ घालायचा, मोदकांना नाही म्हणायचं नाही, घरात सोयाबीनची काढणी असेल तर चार दिवस सुट्टी. बुलडाण्याच्या कोरड्या हवेत तयार झालेलं शरीर गोव्याच्या दमट हवेत गोंधळतं, कारण तिथं घाम येतो पण वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. नव्या हवामानाची सवय व्हायला दहा-बारा दिवस लागतात आणि इतकी रजा कुणाला मिळत नाही.

हे सगळं सोसून कुणी शर्यत पूर्ण केली की गावात काय होतं? चौकात फ्लेक्स लागतो. आयर्नमॅनचा फोटो छोटा, अभिनंदन करणाऱ्यांचे मोठे. व्हॉट्सॲपच्या गटांवर गुच्छ आणि टाळ्यांचा पूर येतो. स्थानिक पानावर तीन इंच बातमी येते. तिच्यात अंतर बरोबर असतं, वेळ चुकलेली असते आणि ‘जिल्ह्याचे नाव उज्ज्वल केले’ हे वाक्य हमखास असतं. तो कसा पोहायला शिकला, कुठं घाबरला, त्याच्या बायकोनं ही पहाट कशी सोसली, यातलं काही नसतं. वार्ताहराचा दोष नाही. त्याच्याकडे तीनच इंच असतात.

मग धावणारा स्वतःच आपला वार्ताहर होतो. ज्युली मॉसची गोष्ट वाहिनीनं सांगितली. आजचा हौशी खेळाडू अंतिम रेषा ओलांडताना स्वतःचं चित्रीकरण करतो, त्याला गाणं लावतो आणि रात्रीपर्यंत हजारांनी ते पाहिलेलं असतं. २००९मध्ये सुरू झालेल्या स्ट्राव्हा या ॲपनं तर प्रत्येक चढाला गुणपत्रिका जोडली. राजूर घाट कुणी किती मिनिटांत चढला, त्याची यादीच तिथं लागू शकते. एकट्यानं सराव करणाऱ्याला यातून सोबत मिळते, हे खरं. अकोल्याचा अनोळखी सायकलवाला मेहकरच्या माणसाला शाबासकी देतो, पुढे दोघं दोनशे किलोमीटरच्या फेरीला एकत्र निघतात. तालुक्याच्या गावी ‘तुला काय खूळ लागलंय’ हे दिवसातून तीनदा ऐकणाऱ्याला अशी शाबासकी लागते.

पण मोजमाप माणसाला बदलतंही. कॅलिफोर्नियात बर्कलीजवळ २०१०मध्ये एक सायकलस्वार उतारावरचा आपला हुकलेला विक्रम परत मिळवू पाहताना अपघातात गेला. कुटुंबानं ॲपच्या कंपनीवर दावा लावला, न्यायालयानं तो फेटाळला. राजूर घाट उतरताना ही गोष्ट आठवायला हवी. जानेवारी २०१८मध्ये याच ॲपच्या जागतिक नकाशावर वाळवंटातले सैनिकी तळ उजळून दिसले, कारण सैनिक घड्याळ घालून तळाभोवती धावत होते. आपण कुठं राहतो, कधी निघतो, कुठल्या निर्जन रस्त्यानं जातो, हे सगळं उघड करून ठेवण्यात विशेषतः स्त्रियांना काय धोका आहे, याचा विचार घड्याळ घेताना क्वचितच होतो. वॉकरचा ठावठिकाणा नको त्याच्या हाती गेला असता तर त्याच्या जिवावर बेतलं असतं. माणसं आपला ठावठिकाणा आपल्या हातानं वाटतात.

या नकाशाबद्दल आणखी एक गोष्ट आहे, आणि बुलडाणा जिल्ह्यात ती लपत नाही. घड्याळ जिथं आहे तिथंच रेषा उजळते. जिथं नाही तिथं काळोख.

जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे पाचला जा. डांबरी रस्त्यावर टी-शर्ट आणि स्वस्तातल्या बुटांत, काही अनवाणी, पोट्टे पळत असतात. ही भरतीची पोरं. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, सोबत १०० मीटर आणि गोळाफेक. सैन्यासाठी पुन्हा १६०० मीटर. पन्नास गुणांसाठी वर्षानुवर्षं ही मुलं-मुली रस्ता तुडवतात. त्यांच्यासाठी धावणं छंद नाही, दोन एकर कोरडवाहूतून बाहेर पडायची वाट आहे. मोबाईलवरचे यूट्यूबचे धडे हेच प्रशिक्षक, मित्राच्या मोबाईलचं स्टॉपवॉच हेच घड्याळ. मुलींच्या टोळीमागे कुणाचा तरी बाप मोटारसायकल हळूहळू चालवत येतो. त्याच रस्त्यावरून दोन लाखांच्या कार्बन सायकलवर हौशी ट्रायथलीट जातो. दोघं एकमेकांना हात करतात. एकाची नोंद उपग्रहाकडे जाते, दुसऱ्याची कुठंच नाही. जिल्ह्यात सर्वाधिक धावणारे पाय जगाच्या नकाशावर एकही रेष उमटवत नाहीत.

या मुलांमधून काय निघू शकतं याचा दाखला बुलडाण्यानं दुसऱ्या खेळात दिलेला आहे. बुलडाण्याचा तिरंदाज प्रथमेश जावकर यानं मे २०२३मध्ये शांघायच्या विश्वचषकात जगातला अव्वल कंपाउंड तिरंदाज माइक श्लोसर याला १४९-१४८ असं हरवून सुवर्ण घेतलं आणि त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाच्या सुवर्णात त्याचा वाटा होता. जिल्हा पोलीस दलातल्या मोनाली जाधव हिनं २०१९मध्ये चीनमधल्या जागतिक पोलीस स्पर्धेत तिरंदाजीची सुवर्णपदकं आणली. इथं कुणीतरी मैदान उघडं ठेवलं, कुणीतरी चिकाटीनं शिकवलं. तेवढं पुरलं.

चिवटपणाचा इथला सर्वांत मोठा मेळा तर कुठल्याच क्रीडापानावर येत नाही. शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी दरवर्षी आषाढीसाठी पंढरपूरला पायी जाते. सातशेहून अधिक किलोमीटर, महिनाभराची वाट. रोजची सरासरी वीस-बावीस किलोमीटर पडते. आठवड्याचे दीडशे. आयर्नमॅनची तयारी करणारा कुठला हौशी धावक आठवड्याला दीडशे किलोमीटर पायी करतो? पालखी परतही पायीच येते, जालना, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, खामगाव करत. खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यात हजारो माणसं सामील होतात. पांढऱ्या कपड्यांतल्या, ओळ न मोडणाऱ्या या वारकऱ्यांत साठी ओलांडलेलेही असतात. मुक्काम ठरलेले, चाल ठरलेली, जेवणाची वेळ ठरलेली. आजचे प्रशिक्षक सावकाश आणि पुष्कळ चालण्या-धावण्याला ‘झोन टू’ म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. वारीला खेळ म्हणणं वारकऱ्याला आवडणार नाही, आणि ते बरोबरही नाही; ती भक्ती आहे. पण रोज उठून तेवढंच चालायचं, पावसात चालायचं, दुखलं तरी चालायचं, ही विद्या या जिल्ह्याला परकी नाही. शेजारी अमरावतीत १९१४पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे. त्याच्या पथकानं १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं आपले देशी खेळ करून दाखवले होते. वऱ्हाडाला घाम गाळायला कुणी शिकवायची गरज नव्हती.

गरज आहे ती नोंदीची. गेल्या काही वर्षांत बुलडाणा देशाच्या पडद्यावर केव्हा केव्हा दिसला, ते आठवून पाहावं. लोणार गुलाबी झालं तेव्हा. १ जुलै २०२३च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून २५ जण गेले तेव्हा. जानेवारी २०२५मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस झपाट्यानं गळू लागले तेव्हा. अद्भुत, अपघात किंवा आजार. कॅमेरे येतात, चार दिवस राहतात, जातात. दिल्ली-मुंबईच्या वाहिनीकडून याहून अधिक मागण्यात अर्थ नाही. पण जिल्ह्याची पानं, जिल्ह्याचे यूट्यूब चॅनेल, जिल्ह्याचे पत्रकार यांच्याकडून मागायला हरकत नाही. भरतीच्या मैदानावर ८०० मीटरची सर्वांत चांगली वेळ देणारी मुलगी कोण, ती कुठल्या रस्त्यावर सराव करते, तिला चांगले बूट आहेत का, ही बातमी आहे. चॅनेलवाल्याकडे तर तीन इंचांची अडचणही नाही.

हौशी ट्रायथलीटांकडूनही एक अपेक्षा ठेवावी लागेल. त्यांच्याकडे घड्याळ आहे, ओळखी आहेत, जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन घेऊन जाता येण्याइतकी पत आहे. ती त्यांनी फक्त स्वतःच्या पदकासाठी वापरू नये. एखाद्या धरणाच्या काठावर रविवारी दोन तास जीवरक्षक, होडी आणि दोर लावून घेरलेला पाण्याचा पट्टा मिळाला, तर ट्रायथलीटांची सोय होईल आणि विहिरी आटलेल्या गावांतली मुलं निर्धोकपणे पोहायला शिकतील. क्रीडा संकुलांचे दिवे पहाटे पाचला लागले तर भरतीच्या मुलींना अंधाऱ्या रस्त्यावर बापाच्या मोटारसायकलीच्या उजेडात पळावं लागणार नाही. दोन्ही कामं फार पैशांची नाहीत. पाठपुरावा करणारी माणसं लागतात, आणि दहा तास न थांबता पुढे जात राहण्याचा सराव असलेली माणसं त्यासाठी बरी.

आणि वाचकांनो, दिवाळीनंतर थंडी पडली की या रस्त्यांवर गर्दी वाढते. पहाटे राजूर घाटातून किंवा गावाबाहेरच्या कुठल्याही रस्त्यानं गाडी घेऊन निघालात, तर पुढचे दिवे खाली करा, हॉर्न दुरूनच आणि एकदाच वाजवा, सायकलला दीड मीटर आणि धावणाऱ्या पोरांना त्याहून थोडी जास्त जागा सोडा.